मदत हवी आहे: दादाचं वजन १३८ किलो, मांडीच्या शिरेत गाठ. रक्त पातळ करायची गोळी कोणती, ॲसिट्रोम की रिवारोक्साबान?

पारिजात_२२: दादाच्या मांडीच्या शिरेत रक्ताची गाठ झालीये, पोटात इंजेक्शनं चालू आहेत, आता गोळीवर आणणार. इथले डॉक्टर रिवारोक्साबान म्हणतात, ओळखीतले डॉक्टर म्हणतात १२० किलोच्या वर ती नको, ॲसिट्रोमच द्या. उद्या डिस्चार्ज आहे, कोणाचं ऐकू? प्लीज लवकर सांगा.

लवंगी: उंची किती? किडनीचे रिपोर्ट? गाठ कशामुळे झाली?

सह्याद्रीवारा: ॲसिट्रोमच. माझे बाबा वर्षानुवर्षं तीच घेतायत, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट) २ ते ३ मध्ये ठेवायचा, मेथी-पालक रोज साधारण सारखंच खायचं, की झालं. रिवारोक्साबानसारख्या नव्या गोळ्यांचं काम होतंय का हे बघायला नेहमीची टेस्टच नाही.

औषधवाला: १२० किलोची ती अट आयएसटीएचच्या (रक्ताच्या गाठींवर काम करणाऱ्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था) २०१६ च्या सूचनांमधली. २०२१ मध्ये त्यांनीच बदलली, रिवारोक्साबान आणि तिच्याच गटातली अपिक्साबान नेहमीच्या डोसमध्ये कितीही वजनाला चालतात म्हणे. डाबिगाट्रान, एडोक्साबान या दुसऱ्या नव्या गोळ्या मात्र नको, जास्त वजनात पुरेसा पुरावा नाही.

सह्याद्रीवारा: म्हणजे आज एक उद्या दुसरं, पेशंटने काय करायचं?

औषधवाला: मधल्या काळात जास्त वजनाच्या पेशंट्सचा डेटा आला म्हणून बदललं. अँटीफॉस्फोलिपिड (रक्तात गाठी करणारा आजार) निघालं तर मीही ॲसिट्रोमच म्हणेन.

कोकणकडा: रोज कच्चा लसूण द्या, आणि घट्ट स्टॉकिंग्ज.

लवंगी: लसणाच्या कॅप्सूल, पेनकिलर असलं काही यासोबत स्वतःच्या मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पारिजात, माझ्या प्रश्नांचं काय?

पारिजात_२२: ५ फूट ८. किडनी नॉर्मल. वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन याच महिन्यात झालंय पण ते दुसऱ्या हॉस्पिटलात, त्याचा इथे काय संबंध??

औषधवाला: अहो सगळा संबंध त्याचाच आहे! पोट लहान केल्यावर गोळी किती शोषली जाईल याचा भरवसा नाही, त्यात रिवारोक्साबान जेवणासोबत घ्यायची असते आणि दादा आत्ता जेमतेम वाटीभर खात असेल. अशा ऑपरेशननंतर निदान पहिले ४ आठवडे इंजेक्शनच, असं त्याच २०२१ च्या सूचनांत आहे. नंतर ॲसिट्रोम, किंवा नवी गोळी दिली तर रक्तातली पातळी तपासून. इंजेक्शनचा डोस खऱ्या वजनावर धरलाय ना तेही विचारा.

लवंगी: इथल्या डॉक्टरांना ऑपरेशनचं माहितीये का पण?

पारिजात_२२: गाठीच्या फाईलवर तरी कुठे दिसत नाहीये. संध्याकाळच्या राउंडला दोन्ही फाईली समोर ठेवते, आणि त्या सर्जननाही फोन लावून देते.