"पोरं आळशी झालीत" म्हणणाऱ्या बागायतदार दादांना

मांडवाखालचा (तासगाव)
परवा एका द्राक्ष बागायतदार दादांनी लिहिलं होतं, "विरळणी तोंडावर आलीय आणि चार बायका मिळंनात. पोरं कट्ट्यावर रील बघत बसतात. फुकटच्या रेशननं गाव आळशी झालंय." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझी आई वीस वर्षं विरळणी करते, म्हणजे घडातले दाट मणी कापून काढते. दिवसभर मान मागं, हात डोक्याच्या वर, एका हातात घड, दुसऱ्यात कात्री. हंगामात संध्याकाळी तिला स्वतःची वेणी घालता येत नाही, हात वरच जात नाही. बहीण घालते. ह्याचे दिवसाला साडेतीनशे. त्याच बागेत फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्या गड्याला सहाशे.

तुमच्या बागेत कुणी आलं नाही म्हणजे गाव झोपलेलं नाही. पन्नास रुपये जास्त मिळाले म्हणून पलीकडच्या शिवारात गेलंय. तुम्ही दर वाढायची वाट बघत बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवता, तो व्यवहार. आईनं पन्नास रुपयांसाठी बाग बदलली की माज?

तास-ए-गणेश
ती पोस्ट माझीच. आईंच्या कष्टाबद्दल बोललो नव्हतो, पोरांबद्दल बोललो होतो. आता हिशोबच काढताय तर पुरा काढा. ऑक्टोबर छाटणी, डोळे फुटायला काडीला पेस्ट, घड औषधात बुडवायचं डिपिंग, दोन दिवस ढग आले की डावणी रोग, मग रात्री अकराला फवारणी. एवढं करून गेल्या साली व्यापारी माल भरून गेला, तो अजून फोन उचलत नाही. चारशे द्यायचे कुठून? आणि पोरं चाकणला खोलीत सहा-सहा जण राहून राबतात, तिथं कमीपणा नाही. बागेत यायचा कमीपणा.

चाकण रिटर्न
त्या सहांपैकी एक मी. कायम करावं लागू नये म्हणून 240 दिवस भरायच्या आत ब्रेक, मग नवा ठेकेदार, नवा गेटपास. चार वर्षांत तीन वेळा "नवीन भरती" झालो. तरी गेलो, कारण बायोडेटावर "कंपनीत" लिहिता येतं. माझ्या चुलतभावाची दोन एकर बाग, कर्ज नाही, व्यसन नाही. वय 34, एक स्थळ टिकत नाही. तुम्हीच तुमची मुलगी बागेत देणार का, तेवढं सांगा.

तास-ए-गणेश
मुलगी पुण्यात नोकरीला आहे. विषय तो नाही.

चाकण रिटर्न
😂 समजलं तात्या.

कृष्णाकाठ
आळशी म्हणा नाहीतर काहीही म्हणा, आता छाटणीला बिहारच्या टोळ्या आल्यात हे खरं. ठेका घेतात, शेडमध्ये राहतात. उद्या गाव त्यांचंच होणार, मग बसा बोंबलत.

भट्टीवाला (मूळ विटा, सध्या कोइमतूर)
हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, फक्त तमिळमध्ये. तिथले बिहारी आम्हीच. 72 च्या दुष्काळात आजोबांनी रोजगार हमीवर खडी फोडली, पाठोपाठ चुलते गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला, बाहेर पडले. मी नववी सोडून आलो. दहा बाय दहाचं दुकान, मूस भट्टीत, वर ॲसिडचा पिवळा धूर, आणि दारात कधी पोलिस येतील त्याचा नेम नाही. कुठला चोर पकडला की "सोनं ह्यानंच गाळलं" म्हणून आम्हाला उचलायचं. आधी चोरीचा माल घेतल्याचं 411 कलम होतं, आता नव्या कायद्यात 317. आकडा बदलला, भीती तीच. माझ्या मेहुण्याला चार दिवस बसवून ठेवलं. सुटला तो स्वतःच्या गाठीचं सोनं देऊन. तेव्हा टोळ्यांना नावं ठेवताना खानापूर, आटपाडी, माण, खटावची किती घरं बाहेर आहेत ते मोजा.

टेंभूचं पाणी
मोजलीत की. गावात तुमचे तीन मजली बंगले आहेत, जत्रेला लाईट लागते आणि परत कुलूप. टेंभू योजनेचं पाणी आल्यावर जमिनी घ्यायला निघालो तर दर ऐकून गार झालो. ते दर गलाईच्या पैशानं वाढवले. रडगाणं कशाला?

भट्टीवाला
पाणी यायच्या आधी कुसळं उगवत होती तेव्हा जमीन का नाही घेतली? शाळेची खोली, देवळाचा कळस, वर्गणी मागायला फोन कुणाला येतो? माझ्याच दुकानात गावची तीन पोरं आहेत. काम देतो, तुमच्यासारखं नुसतं लिहीत नाही.

मांडवाखालचा
त्या तीन पोरांना ॲसिडच्या धुरात पगार किती देता, शेटजी?

भट्टीवाला
राहणं, जेवणखाण आमच्याकडं आहे.

मांडवाखालचा
आकडा विचारला.

भट्टीवाला
महिन्याला बारा हजार. धंदा शिकतात ते, उद्या स्वतःचं दुकान टाकतील. मी तर दोन वर्षं नुसत्या जेवणावर काढली.

चाकण रिटर्न
म्हणजे बागायतदार परवडले म्हणायचे. निदान संध्याकाळी घरी सोडतात.

भट्टीवाला
बरोबर, आम्ही राक्षस. खूश? ...पंखा बसवलाय मागच्या महिन्यात, धूर बाहेर टाकणारा. पगाराचं दिवाळीनंतर बघू म्हणत होतो, ते राहून गेलं, हे कबूल.

पाटणकर, वाशी
दिवसभर वाचतोय. आमच्या पाटण-जावळीच्या माणसांनी मुंबईत पाठीवर पोती वाहिली. आमच्याच पाटणचे अण्णासाहेब पाटील उभे राहिले, 1969 ला ओझी वाहणाऱ्यांसाठी माथाडी कायदा झाला, म्हणून वडिलांना माथाडी बोर्डातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी मिळाली. मी ह्या खोलीत बसून टाइप करतोय ती त्या पैशातली. सांगलीच्या यार्डात हळदीचं पोतं उचलणारा हमालही ह्याच कायद्याखाली येतो. विरळणीच्या बाईचं नाव कुठल्या रजिस्टरला आहे?

कृष्णाकाठ
झालं, आता बागेत पण युनियन आणा. द्राक्षं काढून ऊस लावतो.

पाटणकर, वाशी
लावा. तोडायला कोण येणार? कोयत्याची टोळी उचल घेऊन फरार झाली की परत इथंच पोस्ट टाकाल.

तास-ए-गणेश
सगळ्यांनी मलाच धुतलं, चांगलंय. पेस्ट लावताना हातमोजे देतो, कामाआधी आणि नंतर दारू प्यायची नाही, अंगावर उलटते, असं सांगूनच कामाला घेतो. हे कुणी लिहिणार नाही. मांडवाखालचे, घड दाटलेत, आता थांबता येत नाही. सोमवारपासून चारशे देतो, टेम्पो फाट्यावर येईल. आई येतील का?

मांडवाखालचा
सोमवारी नाही जमणार. पलीकडं चारशे वीस ठरलंय, शब्द दिलाय. गुरुवारी विचारून सांगतो. आणि दादा, दुपारचा चहा लागेल. घरच्या कपात.