क्ष-किरणांवरून नव्या ताऱ्यांची मोजदाद होते का?

उलंगवाडी: परवा रात्री लाइन गेली. गच्चीवर खाटेवर पडून दक्षिणेला हस्त नक्षत्र पाहत होतो, पंजासारखे पाच तारे. आपल्याला हस्त ठाऊक तो हत्तीच्या पावसापुरता. पण त्याच भागात, काही कोटी प्रकाशवर्षं लांब, दोन दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे अफाट समूह) एकमेकींत घुसल्यात: एनजीसी ४०३८ आणि ४०३९, म्हणजे अँटेना दीर्घिका. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८५ मध्येच नोंदवलेल्या. तिथे तारे एकमेकांवर आपटत नाहीत, मध्ये जागाच तेवढी असते. आपटतात ते वायूचे ढग. ते दबले की तारे धडाधड जन्मतात.

माझं म्हणणं, किती जन्मले हे ‘चंद्रा’ या नासाच्या अवकाश दुर्बिणीला (१९९९) दिसणाऱ्या क्ष-किरणांवरून सगळ्यात चांगलं कळतं. दांडगा तारा काही दशलक्ष वर्षांतच संपतो, मागे न्यूट्रॉन तारा (त्याचा अतिघट्ट गाभा) नाहीतर कृष्णविवर उरतं. ते जोडीदार ताऱ्याचा वायू ओढतं, वायू भयंकर तापतो, क्ष-किरण निघतात. वावरात पऱ्हाटी पेटवली की धुरावरून कळतं ना, यंदा कापूस किती पेरला होता?

गुरुजी_वर्धा: धुराचा दाखला तुमच्याच अंगावर येतो. धूर मागच्या साली रचून ठेवलेल्या पऱ्हाटीचाही असतो! हलक्या ताऱ्यांच्या जोड्या अब्जावधी वर्षं जुन्या असतात, त्याही क्ष-किरण देतात. शिवाय दीर्घिकेच्या मधलं महाकाय कृष्णविवर? एनजीसी ६२४० या दुसऱ्या धडकलेल्या दीर्घिकेत चंद्रा दुर्बिणीलाच अशी दोन सक्रिय कृष्णविवरं सापडली, २००२ ची गोष्ट. त्यांचा उजेड ताऱ्यांच्या खात्यात टाकणार का? त्यापेक्षा अवरक्त (इन्फ्रारेड) किरण घ्या. नव्या ताऱ्यांचा उजेड धूळ पिते आणि अवरक्तात परत देते.

उलंगवाडी: गुरुजी, चंद्रा दुर्बिणीची नजर बारीक आहे. अँटेनात क्ष-किरणांचा एकेक ठिपका सुटा दिसतो, केंद्र वगळून मोजता येतं. आणि तारे एवढे जोरात जन्मत असले की जुन्या जोड्यांचा वाटा किरकोळच.

तूर_सोयाबीन: काऊन भांडता राजेहो? मले एक सांगा, दीर्घिका आदळल्या म्हणजे तारे होतेतच का?

गुरुजी_वर्धा: नाही. वायूच नसेल तर काही होत नाही. दोन कोरडे नाले मिळून पूर येतो का?

जय_विदर्भ: आपल्या ॲस्ट्रोसॅटचं, भारताच्या अवकाश वेधशाळेचं, कोणी नावच घेत नाही! २०१५ पासून अतिनील आणि क्ष-किरण एकाच वेळी पाहतो तो.

उलंगवाडी: अतिनीलमध्ये झकास आहे. क्ष-किरणांत मात्र नजर चंद्रा दुर्बिणीएवढी बारीक नाही, शेजारचे ठिपके एकात एक मिसळतात.

गुरुजी_वर्धा: ठिपक्यांवरच या. लहान दीर्घिकेत दोन-चार अतितेजस्वी ठिपकेच बहुतेक उजेड देऊन जातात. त्यातला एक मंदावला तर तुमची मोजदाद कोसळली. ओलिताच्या एका वावरावरून अख्ख्या गावाची आणेवारी काढाल का?

उलंगवाडी: लहान दीर्घिकांपुरतं मान्य. अँटेनात ठिपके डझनांनी आहेत, तिथे मी मागे हटत नाही.

तूर_सोयाबीन: आणेवारीचं नाव नका काढू गुरुजी. आमची मागच्या साली पन्नासच्या वर दाखोली होती, अन् वावरात तं पऱ्हाटी बी नव्हती पेटवाले.