रात्रीत ३८ टक्के बॅटरी गुल, ओव्हरक्लॉक काढू का? (बजेट ७००)

सड्याखालचा: मंडळी, गुहागरजवळ राहतो. फोन २०१७ चा, स्नॅपड्रॅगन ६२५, बॅटरी ४१०० एमएएच. मूळची सिस्टीम काढून लिनिएजओएस (अँड्रॉइडचीच दुसरी आवृत्ती, म्हणजे कस्टम रॉम) टाकलंय, वर कस्टम कर्नल (सिस्टीमचा गाभा, तोही बदललेला), आणि २.० चा प्रोसेसर २.२ गिगाहर्ट्झवर नेलाय, म्हणजे ओव्हरक्लॉक. पळतो झकास. पण रात्री ११ ला ८० टक्के ठेवला की सकाळी ६ ला ४२. स्क्रीन बंद, गेम बंद. नवा फोन घे सांगू नका, ७०० च आहेत आणि ते पण आंब्याचे पैसे आल्यावर.

हर्णै_बंदर: नवा फोन घे. मी १८ हजारांचा घेतला, ५जी, दोन दिवस चार्जरकडे बघत नाही.

कुडाळचो: मेल्या, चांगलो चलतो फोन कित्याक खोललंस? माझ्या भाच्यान असोच रूट केल्यान, आता त्या फोनाचो पेपरवेट झालो हा.

जुनाबोर्ड: ओव्हरक्लॉकच्या मागे लागू नका. फोन डीप स्लीपमध्ये गेला की २.२ काय नि २.० काय, प्रोसेसर झोपलेलाच. तुमचा झोपतच नाहीये, कुठला तरी वेकलॉक त्याला जागा ठेवतोय. एक रात्र एअरप्लेन मोडवर ठेवा आणि सकाळी किती उतरली सांगा. शिवाय कर्नल मॅनेजर अ‍ॅपमध्ये गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) बघा, 'परफॉर्मन्स' असेल तर जागेपणी सगळे कोअर कायम वरच्या वेगाला.

हर्णै_बंदर: तेच म्हणतोय मी, जुना फोन आहे.

चिपळूण_वीज: वेग वाढवला की कर्नलवाले व्होल्टेजही वाढवतात, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. समजा वेग १० टक्के आणि व्होल्टेज ५ टक्के वाढलं, तर खर्च २१ टक्के जास्त. वर उष्णता, आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. काढून टाक.

फणसगरा: माझा तापायचा तेव्हा मी फ्रीजरमध्ये ठेवायचो, बांगड्याच्या डब्याशेजारी. एकदम गार.

चिपळूण_वीज: आणि बाहेर काढल्यावर आत दव धरतं, ते?

फणसगरा: हो, स्पीकर गेला नंतर. पण गार व्हायचा.

देवगड_कलमवाला: सड्याखालचा, पेट्या अजून शिल्लक आहेत का? आमच्या देवगडच्या चवीचा नसेल तुमचा, तरी विचारतो.

जुनाबोर्ड: आंबा दुसऱ्या धाग्यात घ्या हो.

सड्याखालचा: अपडेट. एअरप्लेन मोडवर रात्रीत फक्त ३ टक्के उतरली! गव्हर्नर खरंच परफॉर्मन्सवर होता, गेमसाठी मीच केला होता आणि विसरलो.

जुनाबोर्ड: मग रेंजच आहे. कमकुवत सिग्नल असला की फोन टॉवरशी बोलायला जास्त जोर लावतो आणि ४जी-२जी उड्या मारत राहतो. गव्हर्नर शेड्युटिल करा, तो कामापुरताच वेग वाढवतो. प्रिफर्ड नेटवर्कमध्ये एकच ठेवून बघा, फक्त जपून, फक्त ४जी ठेवलंत आणि या रॉमवर व्होल्टी (४जी वरून कॉल) चालत नसेल तर फोन लागणारच नाहीत.

हर्णै_बंदर: ५जी घेतलास तर हा प्रश्नच नाही.

दाभोळ_फेरी: ५जी चा टॉवर तुझ्या बोटीवर आहे का रे? आमच्याकडे धोपाव्याला उतरेपर्यंत मेसेज जात नाही.

कुडाळचो: मागचा झाकण फुगलाला नाय मा? फुगला असात तर पयली बॅटरी बदल, बाकी मगे.

सड्याखालचा: नाही फुगलेला, काका. शेवटचं सांगतो. गव्हर्नर शेड्युटिल केला. नेटवर्क ४जी वर टाकलं तर मुंबईहून भावाचा फोनच लागेना, म्हणून परत होतं तसं केलं. आता फोन रात्री माळ्यावरच्या खिडकीत खिळ्याला पिशवीत टांगतो, तिथे सड्यावरची दोन काड्या रेंज येते. काल रात्रीत ९ टक्के. २.२ मात्र ठेवलाय, काढणार नाही, आणि ७०० पण वाचले.

चिपळूण_वीज: तापला की येशीलच परत.

हर्णै_बंदर: पावसात खिडकीत टांगणार?

सड्याखालचा: पावसात लाईटच नसते दादा, तेव्हा चार्ज कुठे करू ते विचारा.

देवगड_कलमवाला: पेटीचं राहिलं ते.