गोव्यात वॉशिंग मशीन: फ्रंट लोड की टॉप लोड?

डिचोलीची सून

चवथीच्या आधी मशीन घ्यायची आहे. घर जुनं, जांभ्याचं, माणसं पाच. नळाचं पाणी सकाळी येतं, ते न्हाणीवरच्या स्लॅबवर ५०० लिटरच्या टाकीत चढवतो. मे महिन्यात विहिरीचंही भरावं लागतं. मशीन मागच्या पडवीत बसेल, तिथे सध्या ६ अँपिअरचा प्लग आहे. पावसात वीज सारखी जाते. सासूबाईंना वाकता येत नाही. मुख्य अडचण म्हणजे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, कुबट वास धरतात. बजेट ३५ हजार. काय घ्यावं?

पाना-पक्कड

ताई, मॉडेल बघण्याआधी मोजपट्टी घ्या. टाकीच्या तळापासून मशीनच्या मागच्या पाण्याच्या व्हॉल्वपर्यंतची उभी उंची मोजा. हा व्हॉल्व जमिनीपासून साधारण ८० सेंटीमीटरवर असतो. नळ भिंतीत कुठे आहे याला महत्त्व नाही. १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो, आणि बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार, म्हणजे ३ मीटर लागतात. काहींना त्याहून जास्त. माहितीपुस्तिकेत आकडा छापलेला असतो, तो दुकानातच वाचा. दाब कमी पडला की मशीन पाण्याची वाट बघत बसते आणि शेवटी एरर दाखवून थांबते. लोक मेकॅनिकला बोलावतात, पण मशीन ठणठणीत असते.

आता वाळण्याचं. टॉप लोड, म्हणजे वरून कपडे घालायची, पिळताना मिनिटाला ७०० च्या आसपास फेऱ्या मारते, फ्रंट लोड, म्हणजे समोर दार असलेली, १००० ते १४००. ५ किलो सुती कपड्यांत ७०० फेऱ्यांनंतर साधारण ४ लिटर पाणी उरतं, १२०० नंतर ३ लिटर. श्रावणातल्या हवेत ते एक लिटर पाणी म्हणजे दोरीवरचा आणखी एक दिवस. कुबट वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिल्यामुळेच. पिळून झाल्यावर कपडे ड्रममध्ये पडू देऊ नका. लगेच काढून, अंतर ठेवून, पंख्याखाली टाका.

म्हणून दाब पुरत असेल तर तुमच्यासाठी फ्रंट लोड, ७ किंवा ८ किलोची, १२०० फेऱ्यांची. पाणीही निम्म्याहून कमी लागतं, ५०० लिटरच्या टाकीला ते मोठंच सुख. पण प्लग बदलावाच लागेल. आतला हीटर २००० वॅटच्या घरात असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. ६ अँपिअरचा सॉकेट तापून वितळतो. १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की प्रवाह तोडणारा स्विच), एवढं वायरमनकडून आधी करून घ्या. ओल्या पडवीत यात काटकसर नको.

वीज गेली तर फ्रंट लोडचं दार थोडा वेळ बंदच राहतं. ओढाताण केली तर हँडल तुटतं. आत पाणी असेल तर खालच्या झाकणामागच्या बारीक नळीने ते आधी काढायचं. बहुतेक मशीन वीज आल्यावर राहिलेलं काम पुढे सुरू करतात.

अंत्रुजकर

सासूबाईंना वाकता येत नाही, हे विसरू नका. फ्रंट लोडखाली फूटभर उंच, पक्का चौथरा बांधून घ्या. चाकांची ट्रॉली अजिबात नको. १२०० फेऱ्यांना ६०-६५ किलोचं मशीन तिच्यावरून सरकतं. मात्र चौथऱ्याने व्हॉल्वही फूटभर वर जातो, तेवढी उंची दाबातून वजा करा.

आणखी एक पर्याय दुकानदार सुचवत नाहीत, कारण स्वस्त आहे: दोन टबांची सेमी ऑटोमॅटिक. तिचा पिळायचा टब १३०० च्या आसपास फिरतो. पाण्याचा दाब लागत नाही, बादलीने भरलं तरी चालतं, वीज गेली तर झाकण उघडून मोकळे. ओले कपडे हाताने या टबातून त्या टबात टाकावे लागतात, हाच तिचा त्रास. घरात ते करणारं माणूस असेल तर पेडणे ते काणकोण कुठल्याही गावात ती तग धरते.

माडाखाली

विहिरीचं पाणी सांभाळून. जांभ्यातल्या बऱ्याच विहिरींच्या पाण्यात लोह असतं. काढताना स्वच्छ दिसतं, बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो. घरी हीच परीक्षा करा. असं पाणी असेल तर पांढऱ्या कपड्यांना क्लोरीनचं ब्लीच लावू नका. लोह तिथल्या तिथे गंजून डाग कायमचा बसतो. पाणी टाकीत एक दिवस निवळू द्या, तळातला गाळ वेगळ्या तोटीने सोडा. मशीनच्या व्हॉल्वमधली जाळीही दर महिन्याला दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. ती तुंबली की दाब असूनही पाणी येत नाही.

डिचोलीची सून

मोजलं. टाकीचा तळ ते व्हॉल्वची जागा, २ मीटर ३० सेंटीमीटर. बादलीत पाणी ठेवून बघितलं, तांबूस गाळ आला, पण थोडासाच. हाताने ओले कपडे काढणं आता मलाच करायचं आहे, त्यामुळे सेमी नको. टाकी उचलता येईल का?

पाना-पक्कड

२.३० मीटर म्हणजे ०.२३ बार, आणि चौथरा बांधला की ०.२०. फ्रंट लोडला कमी पडणार. टाकी सव्वा मीटर उचलायची तर ५०० किलो पाण्याचं वजन जुन्या स्लॅबवर चार पायांवर येईल. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. सोपं म्हणजे टाकीच्या आउटलेटवर छोटा प्रेशर पंप, पाणी वाहू लागलं की आपोआप चालू होणारा. त्याच्याआधी गाळणी बसवा, नाहीतर विहिरीचा गाळ पंपात जाईल. पंपावर पावसाचं पाणी पडू नये म्हणून पत्र्याचं आवरण हवं, पण बाजूने हवा खेळती ठेवून.

पंप नकोच असेल तर कमी दाबासाठीच्या व्हॉल्वची टॉप लोड बघा, तशा मिळतात. वाकायचा प्रश्न तिथे नाही. पिळणं कमी, ते मात्र सोसावं लागेल.

फ्रंट लोड घेतलीत तर पावडर त्याच मशीनची, कमी फेसाची, आणि मापात. आपल्याकडचं नळाचं पाणी नदी-धरणाचं, मऊ. पाकिटावरच्या मापापेक्षा थोडी कमी टाकली तरी पुरते. फेस जास्त झाला की मशीन पिळतच नाही. दाराच्या रबराची घडी धुणं झाल्यावर उलटून कोरड्या फडक्याने पुसा, दार उघडं ठेवा. आपल्या हवेत चार दिवसांत तिथे काळी बुरशी धरते. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर फिरवा. त्यात सायट्रिक अॅसिड टाकणार असाल तर त्याच वेळी ब्लीच नको, विषारी वायू होतो. उंदीर तळातून शिरून वायरी कुरतडतात, म्हणून तळाला जाळी आहे का ते विचारा.

आणि मशीन घरी आल्यावर पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का, ते माणूस जायच्या आत स्वतः बघा. ते राहिले तर पहिल्याच पिळण्याला मशीन पडवीभर नाचतं. काढलेले बोल्ट पिशवीत घालून ठेवा, मशीन कधी हलवायचं झालं तर लागतात.

डिचोलीची सून

पंपासकट फ्रंट लोडच. आधी वायरमन, मग दुकान. सगळ्यांना देव बरें करूं.