विषय: वाईचा वाडा आणि आजोबांच्या नावाची पाटी

प्रेषक: नात

नमस्कार मंडळी,

गेल्या श्रावणात माझे आजोबा गेले. तेव्हा आपल्या मराठी मंडळाच्या ई-मेल यादीवरच्या बऱ्याच जणांनी फोन केले होते, त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं आम्हा सहा चुलत भावंडांच्या मनात आहे. वाईला आमचा वाडा आहे. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्याशी तुलना नको, आमचा एकाच चौकाचा. पण दगडी जोतं, सागवानी खांब, वर माडी, कौलारू छप्पर, सगळं जुनंच. सध्या तिथे काका एकटे राहतात. माजघराची मागची भिंत फुगली आहे, पोपडे पडतायत. गवंड्याने सिमेंटचा गिलावा सांगितलाय, पंधरा दिवसांचं काम. शिवाय दिंडी दरवाजाशेजारी आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची आहे. पैसे मंडळाच्या खात्यातून पाठवले तर करसवलत मिळेल का?

प्रेषक: खजिनदार

नाही गं. मंडळाला करमाफी आहे ती सार्वजनिक कामासाठी. खासगी घराच्या डागडुजीला पैसे वळवले तर ती माफीच धोक्यात येईल. तुम्ही स्वतःच्या खात्यातून पाठवा.

पण पाठवण्याआधी एक बघ. भारतातल्या प्राप्तिकरात काकाने पुतणीला काही दिलं तर ती नातेवाइकाची भेट, कर नाही. पुतणीने काकाला वर्षभरात ५० हजारांवर दिलं, तर ती सगळी रक्कम काकांच्या उत्पन्नात धरतात! कायद्याला काका नातेवाईक वाटतो, पुतणी वाटत नाही. तेव्हा सगळ्यांनी आपापल्या वडिलांकडे द्या आणि त्यांनी काकांना पाठवा. मुलांनी वडिलांना, भावाने भावाला दिलेलं चालतं. तुमच्यात कोणी अमेरिकन पासपोर्टवाले असतील तर परकीय देणगीचा कायदाही लागू शकतो, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. तिकडच्या सीएला विचारून घ्या.

प्रेषक: पाडवा समिती

पाडव्याच्या जेवणाची नावं शुक्रवारपर्यंत द्या. आणि कृपया प्रत्येक उत्तर सगळ्यांना पाठवू नका.

प्रेषक: साताऱ्याचे काका (निवृत्त सिव्हिल इंजिनिअर)

सगळ्यांनाच पाठवतोय, कारण यादीवर निम्म्या लोकांची गावाला जुनी घरं आहेत.

ताई, सिमेंट थांबव. आज फोन करून थांबव. मी इंजिनिअर असून आमच्या घरात हीच चूक केली. जुन्या भिंतीला लोणा लागला होता, म्हणून हौसेने सिमेंटचा गिलावा मारला. दोन पावसाळे भिंत आरशासारखी दिसली. तिसऱ्या वर्षी गिलावा मोठमोठ्या तुकड्यांनी सुटला आणि त्याच्या पाठीला चिकटून विटांची तोंडंही आली. हात लावला की विटेची भुकटी.

कारण साधं आहे. जुन्या भिंतीत पायातून ओल चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून बाहेर पडते. सिमेंट तिला कोंडतं, मग पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या आतच फुलतात आणि वीट फोडतात. चुन्यालाच परत चुना लावावा. कळीचा चुना टाकीत निदान तीन आठवडे भिजवायचा, मग वाळू आणि विटांच्या चुऱ्याबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, दळायचा. गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा हे जुने गवंडी घालत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, म्हणून पंधरा दिवसांचा हिशोब इथे चालत नाही. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये.

पण भिंत नंतर. फुगवटा खाली आहे की वर, ते आधी सांग. वर असेल तर पाणी छपरातून येतंय, आणि मग भिंतीला सोन्याचा गिलावा केलास तरी फुकट.

प्रेषक: नात

काका, गवंड्याला थांबवलं. तो रागावला, पण थांबला.

फुगवटा वरच आहे. काल रात्री (तिकडे सकाळ) आमचे काका फोन हातात धरून शिडीवरून माडीच्या माळ्यावर चढले. भिंतीच्या बरोब्बर वर सात-आठ कौलं फुटलेली, माकडांची कृपा. खालचा वासा हाताला ओला लागत होता.

आणि एक दिसलं. मधल्या वाशावर खडूने ओळीने लिहिलेलं: २०११ – ४०, २०१२ – ३५, २०१३ – ५१. आजोबांचं अक्षर, चारला वर गाठ मारायचे तेच. आजोबा दर वैशाखात गडी बोलावून कौलं चाळून घ्यायचे आणि किती बदलली त्याचा आकडा लिहून ठेवायचे. शेवटची ओळ २०१७ – ६२. त्यानंतर त्यांचे गुडघे गेले, शिडी बंद झाली. आम्ही दर वर्षी फोनवर तब्येत विचारायचो. छपराचं कोणी विचारलं नाही.

पाटी रद्द. एका चुलतभावाला ते पटलेलं नाही, ‘मग लोकांना कळणार कसं’ म्हणतो. बाकी पाच जण दर वर्षी कौलचाळणीचे पैसे वाटून देणार, तो सहावा येईल हळूहळू. चुन्याचं काम पुढच्या दिवाळीनंतर. तुमच्याकडे घाणी चालवणारा कोणी असेल तर कळवा.

प्रेषक: साताऱ्याचे काका

आहे एक, फलटणकडचा. बोलतो त्याच्याशी. कौलांचा गडी मात्र अक्षय्य तृतीयेच्या आधी बांधून ठेव, नंतर अख्ख्या गावाला एकदम जाग येते. आणि जुनी काढलेली धड कौलं फेकू नका, तसल्या मापाची आता मिळत नाहीत.

प्रेषक: नात

ठरलं, गडी १८ एप्रिलला येतोय. काका विचारत होते, यंदाचा आकडा वाशावर कोणी लिहायचा. तो सहावा भाऊ तेव्हा सुट्टीवर तिकडेच आहे. त्यालाच खडू न्यायला सांगितलंय.