अनुभव धागा : गाण्या-वाजवण्याची सुरुवात (गोवेकरांनी लिहावे)

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात घरोघरी पेटीवरची धूळ झटकली जाते, माळ्यावरचं घुमट (हाताने वाजवायचं मातीचं वाद्य) खाली येतं आणि "मलाही शिकायचंय" हे कुणी ना कुणी म्हणतंच. क्लासचे पत्ते आणि वाद्यांच्या किमती विचारल्या की कळतात. पहिल्या वर्षभरात हाती काय लागलं आणि कशामुळे लागलं, हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगते: वाद्य कुठलंही असो, आधी आपली पट्टी (आपल्या गळ्याला सोयीचा सा) सापडावी आणि हाताला लय यावी. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही अवश्य लिहा. गुरुजींची, संस्थांची नावं नकोत.

फोंडा, निवृत्त शिक्षिका

नोकरी संपल्यावर गाणं शिकायला घेतलं. पहिल्या दिवशी बाईंनी पेटीवर काळी चार (डावीकडून चौथी काळी चावी) धरली आणि म्हणाल्या, "सा लावा." लागला. मग मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) खाली नेलं, तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत) वर. वर जाताना माझी हनुवटी उचलली जात होती, मान ताणली जात होती. बाई काही न बोलता पांढरी पाचवर आल्या, मग काळी तीन, आणि पांढरी चारला थांबल्या. तिथे गंधार सहज लागला आणि मंद्र पंचमही नीट ऐकू येत होता. "ही तुमची पट्टी. शेजारणीची काळी पाच असेल, तिच्याकडे बघू नका."

त्यानंतर पेटी बाजूला गेली. बाईंचं म्हणणं, पेटीचे स्वर ठरावीक अंतरावर बांधलेले असतात. तिचा गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. मला हे खरं वाटेना. मग मोबाइलवर तानपुरा लावून डोळे मिटून बसवलं. खरजाच्या (सर्वांत खालच्या सा च्या) तारेतून बारीक गंधार उमटतो, तो ऐकू यायला मला बरेच आठवडे लागले. एकदा ऐकू आला की मात्र आपला गंधार कुठे ठेवायचा ते गळ्यालाच कळतं.

राग पहिला भूप. मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे नवशिक्याच्या आवाक्यातला. सारेग, रेगप, गपध, पधसां, एवढाच पलटा (स्वरांचा सराव), एकेका स्वरावर अख्खा श्वास. बंदिश (रागातली बांधलेली चीज) पुष्कळ उशिरा आली, आणि तेच बरं झालं.

ऐकण्याबद्दल एक सांगते. केरीच्या केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या. त्यांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. तेवढ्यात अस्थाई, अंतरा (चीजेचे दोन भाग), ताना, सगळं येतं. तासाभराच्या मैफलीत माझ्यासारखी हरवून जाते, इथे पुन्हा पुन्हा ऐकून वाट ओळखीची होते.

पेडणे, घुमटवाला

आमच्याकडे क्लास वगैरे काही नव्हतं. आरतीला मोठी माणसं घुमट वाजवत, आम्ही पोरं कासाळें (झांज) घेऊन मागे. आजो म्हणायचा, आधी कासाळें एका लयीत धर, घुमटाला हात नंतर. आरती रंगात आली की हात पळायला बघतो, आणि कासाळें पळालं की शामेळवाला (काठ्यांनी वाजवायचा शामेळ ढोल धरणारा) वळून बघतोच. तेवढं पुरायचं.

घुमट म्हणजे दोन तोंडांचं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, धाकटं तोंड उघडं. गळ्यात दोरी, उजव्या हाताची बोटं कातड्यावर, डावा तळवा उघड्या तोंडावर. खरी गंमत डाव्या हातात आहे: तळवा झाकला की आवाज कोंडतो, सोडला की घुमतो. नवशिके उजव्याच हाताची बोटं पळवत बसतात. मी शिकवायला बसलो की पोरांना उजव्या हाताने एकच थाप मारायला लावतो आणि डावा उघड-मीट, उघड-मीट. आठवडाभर तेवढंच.

पूर्वी कातडं घोरपडीचं असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता शेळीचंच वापरायचं. जुनी माणसं नादाबद्दल हळहळतात, पण नव्याने शिकणाऱ्याला शेळीच्या कातड्यावरही सगळं शिकता येतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

वास्को, गोदीतली नोकरी

तबला शिकतोय. शिफ्टमुळे रोज बसणं जमत नाही, म्हणून गुरुजींनी बसमध्ये मांडीवर तीनताल मोजायला लावला. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली (टाळीऐवजी रिकामा हात). मग एक गोष्ट कानाने शोधायला सांगितली: ठेक्यात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा कुठे थांबतो? मी म्हटलं नवव्याला. ते म्हणाले, नीट ऐक. नवव्याला "धा" आहेच, डग्गा गप्प होतो तो दहाव्याच्या "तिं"पासून, आणि परत येतो चौदाव्याला. हे एकदा कानात बसल्यापासून कुणाचंही गाणं ऐकताना मी सम (तालाची पहिली मात्रा) चुकत नाही.

आमच्या दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. मध्यरात्रीनंतर गर्दी थोडी ओसरते, तेव्हा तबलजीच्या जवळ बसून हात बघता येतो. शिकणाऱ्यांनी ती वेळ साधावी.

मडगाव, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

व्हायोलिन, पाश्चात्त्य पद्धतीने. शेजारचे अंकल लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज (दो-रे-मी म्हणून स्वर वाचणं) शिकलेले, तेच शिकवतात. आईकडून सारेगम शिकले होते, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ झाला: आपला सा कुठेही धरता येतो, अंकलचा "दो" जागचा हलत नाही. त्यांनी महिनाभर व्हायोलिनला हात लावू दिला नाही. कागदावरचे स्वर बघून म्हणायचे आणि हाताने ताल द्यायचा. नंतर गज हातात आला तेव्हा फक्त मोकळ्या तारा, तेही आरशासमोर, गज घोडीला समांतर राहतोय का बघत. कंटाळा यायचा, पण अंकल समोर बसून स्वतः वाजवत, म्हणून टिकले.

म्हापसा

> फोंड्याच्या ताई, पट्टी एकदा ठरली की कायमची का? माझा आवाज सकाळी जड असतो.

फोंडा, निवृत्त शिक्षिका

नाही हो दादा. सकाळी खर्जाचा रियाज करा, मंद्रातले स्वर हलक्या आवाजात, जोर न देता. वरच्या स्वरांना दुपारनंतर हात घाला. दोन-तीन महिन्यांनी पट्टी पुन्हा तपासून बघा, अर्धा स्वर वर सरकू शकते. घसा दुखायला लागला तर त्या दिवशी थांबायचं, हे मात्र कटाक्षाने पाळा.

डिचोली, भजनात पेटी वाजवतो

नवी पेटी घेणाऱ्यांना एवढंच: आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवा. दमट हवेत स्वरपट्ट्या गंजतात, लाकूड फुगून एखादी चावी अडकते. भिंतीला टेकवून, जमिनीवर पेटी ठेवू नका. घेताना प्रत्येक चावी एकेक करून दाबून बघा. चावी न दाबता भाता मारूनही बघा, लगेच रिकामा झाला तर हवा कुठून तरी गळते आहे. आणि जुलैतही रोज थोडी वाजवाच.

धागाकर्ती

पखवाज आणि बासरी शिकणाऱ्यांचं अजून काहीच आलेलं नाही. सत्तरी-काणकोणकडची मंडळीही गप्प आहेत. लिहा, वाट बघते.