प्रेअरीची काळी माती, पोटात फ्राजिपॅन आणि कागदावर अल्फिसॉल: पटतं का तुम्हाला?

माळकरी:
मंडळी, विषय कोरडा आहे पण इथे अ‍ॅग्रीवाले, सिव्हिलवाले आणि अमेरिकेत जमिनी घेऊन बसलेले बरेच जण आहेत म्हणून टाकतोय. मी मिसुरी राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात असतो, काम मातीचंच, म्हणजे शहराबाहेर कुणी घर बांधणार असेल तर खड्डा घेऊन जमीन बघून द्यायची. इथलं स्प्रिंगफील्ड पठार म्हणजे ओझार्कच्या डोंगराळ भागाची पश्चिमेकडची सपाट बाजू. आपल्याला शाळेपासून माहीत असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथल्याच डायमंड गावाजवळ जन्मले, आणि तिथे डायमंड ग्रोव्ह म्हणून मूळ प्रेअरीचा एक तुकडा अजून राखलेला आहे. मिसुरीत एके काळी दीड कोटी एकराच्या आसपास प्रेअरी होती, आता त्यातली एक टक्काही शिल्लक नाही.

ह्या माळावर क्रेल्डन, होबर्ग, कीनो अशा सिरीज, म्हणजे नाव दिलेले मातीचे प्रकार, सापडतात. क्रेल्डनचा खड्डा घेतला की वर काळपट तपकिरी पोयटा, भुसभुशीत, गवताच्या बारीक मुळ्यांनी विणलेला. मग चिकण वाढत जाते, आणि दोन-अडीच फुटांवर फावडं ठण्ण करून थांबतं. तो फ्राजिपॅन, थोडक्यात पॅन. भिंत साफ करून बघितली तर करड्या रंगाचे उभे पट्टे आणि त्यांच्या मधे तांबूस-पिवळे घट्ट खांब, मुळ्या सगळ्या त्या करड्या पट्ट्यांतून चपट्या होऊन खाली गेलेल्या, खांबात एक शिरेल तर शपथ. खांबाचं ढेकूळ ओलं असतानाही दोन बोटांत दाबलं तर मळत नाही, कट्टकन फुटतं. त्याच्याही खाली चकमकीचे तुकडे असलेली लालभडक चिकण, चुनखडक झिजून उरलेली.

आता माझी तक्रार. अमेरिकन सॉइल टॅक्सॉनॉमीत, म्हणजे मातीच्या वर्गीकरणात, प्रेअरीच्या काळ्या मातीची ऑर्डर (सगळ्यात वरचा गट) मॉलिसॉल. पण क्रेल्डन आहे ऑक्सिअ‍ॅक्विक फ्राजियुडाल्फ, ह्यात फ्राजि म्हणजे पॅन आणि शेवटचा आल्फ म्हणजे अल्फिसॉल, म्हणजे जिथे मुख्यतः पानगळीच्या जंगलाखालची माती टाकतात ती ऑर्डर. मॉलिसॉलच्या युडॉल शाखेत ग्रेट ग्रुप, म्हणजे शाखेच्या खालचे गट, बघा: नॅट्रुडॉल, कॅल्सियुडॉल, पॅलियुडॉल, आर्जियुडॉल, व्हर्मुडॉल, हॅप्लुडॉल. फ्राजिने सुरू होणारा एकही नाही. म्हणजे पंगतीत पॅनवाल्या प्रेअरी मातीचं पानच मांडलं नाही आणि मग तिला शेजारच्या घरी जेवायला पाठवलं. परिणाम काय, तर नकाशात अल्फिसॉल बघून लोक धरून चालतात की इथे पूर्वी जंगल होतं, आणि भल्या मनाने ओक लावायला घेतात. माझं स्पष्ट मत आहे की फ्राजियुडॉल हा गट असायला हवा होता.

वाफसा:
अजिबात नाही पटलं. वर्गीकरण म्हणजे मातीची वंशावळ नव्हे हो, ती आज कशी वागते ते कळायला असतं ते. मी शेजारच्या राज्यात अशाच जमिनीवर मका-सोयाबीन करणाऱ्यांसोबत काम केलंय. मार्च ते मे पाऊस पडतो आणि पाणी त्या पॅनवर अडून बसतं, वर बघितलं तर जमीन सुकल्यासारखी वाटते आणि ट्रॅक्टर घातला की चाक रुतलं, वाफसा काही येत नाही, पेरणी पुढे जाते. आणि तीच जमीन जुलैच्या शेवटी इतकी कोरडी की मक्याची पानं सकाळी दहाला सुरळी होतात, कारण मुळांना दोन-अडीच फुटांच्या खाली जाताच येत नाही. हे सगळं कशामुळे? पॅनमुळे. वरच्या काळ्या रंगामुळे नाही.

आणि ते ऑक्सिअ‍ॅक्विक बघा, त्याचा अर्थच हा की नेहमीच्या वर्षात वरच्या एक मीटरमध्ये कुठेतरी सलग 20 दिवस किंवा एकूण 30 दिवस पाणी भरून राहतं. शेतकऱ्याला, इंजिनियरला, घरवाल्याला जे पाहिजे ते सगळं त्या नावात आहे. अजून काय पाहिजे?

माळकरी:
अहो पण फ्राजियुडॉल केला तरी पॅन नावात राहतोच की, आणि ऑक्सिअ‍ॅक्विक तिथेही लावता येईल. दोन्ही मिळत असताना एकच का घ्यायचं? साध्या हॅप्लुडाल्फमध्ये निदान मॉलिक नावाचा उपगट तरी आहे, काळ्या थराची नोंद तरी होते.

अकोल्याची_पोर:
दादा, मला वाफसांचं पटतंय. आपल्याकडे नागपूरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोमुळे हीच टॅक्सॉनॉमी शिकवतात आणि पहिल्या वर्षी प्रत्येकाला हाच धक्का बसतो की आपली रेगूर एवढी काळी कुळकुळीत आणि ती मॉलिसॉल नाही? नाहीच. ती व्हर्टिसॉल, कारण ऑर्डरच्या चावीत, म्हणजे क्रमाने तपासायच्या अटींच्या यादीत, व्हर्टिसॉल आधी येते आणि तिथे विचारतात की चिकण किती, भेगा पडतात का, खाली घासून गुळगुळीत झालेले पृष्ठ आहेत का. आमचे सर म्हणायचे रंगावर जाऊ नका, उन्हाळ्यात त्या भेगेत हात घालून बघा. मग मिसुरीच्या मातीला रंगाचा वेगळा मान कशाला?

माळकरी:
ताई, रेगूरला तिच्या वागण्यासाठी अख्खी ऑर्डर मिळाली. पॅनला ऑर्डर नाही मिळाली, तो ग्रेट ग्रुपच्या पातळीवर येतो. म्हणजे वागणूक एवढी महत्त्वाची होती तर तीच वरच्या पातळीवर घ्यायची होती. ऑर्डर ठरवताना पॅन बघितला नाही आणि गवतही बघितलं नाही, मग नक्की बघितलं काय?

चिकणमाती:
बेस सॅच्युरेशन बघितलं, म्हणजे मातीच्या कणांनी कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखी द्रव्यं किती टक्के धरून ठेवलीत ते. मघापासून वाट बघतोय कुणी काढतंय का हा मुद्दा.

माळकरी साहेब, मॉलिसॉल व्हायला नुसता वरचा थर काळा आणि जाड असून भागत नाही. त्या थरात बेस सॅच्युरेशन 50 टक्के किंवा जास्त हवं, जाडी 18 ते 25 सेंमीच्या घरात हवी (बाकी अटींप्रमाणे), ओल्या मातीचा मुन्सेल रंगतक्त्यातला व्हॅल्यू (उजळपणा) 3 किंवा कमी आणि क्रोमाही (रंगाचा भडकपणा) 3 किंवा कमी हवा. आणि हे सगळं जमलं तरी पुढे खालपर्यंत, बऱ्याच खोलवर, 50 टक्के टिकायला हवं. तुमच्या पठारावर पाऊस भरपूर, मूळ द्रव्य चकमकवाल्या चुनखडकाचं धुऊन धुऊन उरलेलं, त्यावर वाऱ्याने आणलेल्या पोयट्याचा पातळ थर. कॅल्शियम-मॅग्नेशियम कधीच निघून गेलंय. खालचे थर आम्ल. 35 टक्क्यांच्या खाली गेलं की अल्टिसॉल, आणि चावीत अल्टिसॉल मॉलिसॉलच्याही आधी येते. तेव्हा तुम्ही उद्या फ्राजियुडॉल गट काढलात तरी तुमच्या बहुतेक खड्ड्यांतली माती दारातच अडेल. खुद्द पॅन सुद्धा अशाच धुतल्या गेलेल्या मातीत होतो, चुना शिल्लक असलेल्या थरात होत नाही, व्याख्येतच आहे की सौम्य अ‍ॅसिड टाकल्यावर फेस येता कामा नये. म्हणजे मॉलिसॉल आणि फ्राजिपॅन ही जोडी मुळात दुर्मिळ. रिकामा गट कशाला ठेवायचा?

माळकरी:
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण वरच्या थराच्या अटींचं प्रत्यक्षात काय होतं ते बघा. शंभर वर्षं नांगरलेल्या शेतात धूप होऊन काळा थर वीतभर सुद्धा राहिलेला नाही, आणि त्याच शेतात शेतकरी दर काही वर्षांनी चुना टाकतो म्हणून नांगराच्या थरात बेस सॅच्युरेशन छान वर चढलेलं. कुंपणाच्या पलीकडे कधीच न नांगरलेल्या पट्टीत काळा थर जाड, पण आम्ल. एकीकडे जाडी नापास, दुसरीकडे रसायन नापास, आणि दोन्हीकडे माती एकच. माणसाच्या नांगराने आणि चुन्याच्या पोत्याने ज्या अटी हलतात त्यांवर ऑर्डर ठरवायची?

चिकणमाती:
म्हणूनच खालच्या थराचं मोजमाप घेतात ना साहेब. चुन्याचं पोतं मीटरभर खाली पोचत नाही.

निवांत_नाना:
एवढं कशाला भांडताय, सबसॉयलर घाला आणि फोडून टाका तो थर. आमच्याकडे उसाच्या रानात नांगराने तळाशी कडक थर होतो, दोन-तीन वर्षांनी सबसॉयलर मारला की मोकळं.

वाफसा:
नाना, तो नांगराचा थर वीत-दीड वीत खोल असतो, यंत्रांच्या वजनाने झालेला, आणि पातळ. हा निसर्गानेच केलेला, कमीत कमी 15 सेंमी जाड धरतात आणि प्रत्यक्षात बरेचदा त्याच्या कितीतरी पट. सबसॉयलर तिथवर नेलात तर डिझेल जळतं, फाळ झिजतो, आणि फोडलेली माती पुढच्या पावसाळ्यात परत बसते, कारण त्यात पोयटा इतका आणि पोकळी इतकी कमी की कण कणात जाऊन चपखल बसतात. केंटकी विद्यापीठाच्या लोकांनी वेगळाच उद्योग केला, हिवाळ्यात वार्षिक रायगवत पेरायचं, त्याच्या मुळांतून सुटणारी द्रव्यं त्या थराची बांधणी हळूहळू सैल करतात असं त्यांचं म्हणणं. त्याला वर्षं लागतात, एका हंगामाचं काम नाही.

निवांत_नाना:
मग हा थर सिमेंट झालेला का? म्हणजे आपल्या रानात खाली लागतो तसा?

माळकरी:
इथेच गंमत आहे नाना. वाळलेलं ढेकूळ घ्या, लिंबाएवढं, आणि काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. आधी कडेने बुडबुडे, मग कडा झडायला लागतात, आणि बघता बघता तळाशी चिखलाचा ढीग. फावड्याला दाद न देणारी वस्तू पाण्यात विरघळल्यासारखी होते. खरा सिमेंट झालेला थर, ज्याला ड्युरिपॅन म्हणतात, तो असा सुटत नाही, ढेकूळ पाण्यात तसंच बसून राहतं. फ्राजिपॅन ओळखायची ही अधिकृत चाचणी आहे, पाच ते दहा सेंमीचा कोरडा तुकडा पाण्यात सुटायला हवा.

भूगर्भशेठ:
थोडा इतिहास, कारण धाग्यात सगळे असं बोलतायत जणू हा अन्याय टॅक्सॉनॉमीने केला. अमेरिकेच्या मृदा सर्वेक्षणाचे जुने प्रमुख कर्टिस मार्बट हे माळकरींच्याच नैऋत्य मिसुरीचे (1935 साली चीनमधल्या हार्बिनला वारले). त्यांच्या काळापासून प्रेअरी सॉइल असा स्वतंत्र गट होताच. पण 1938 च्या पद्धतीत सपाट माथ्यावरच्या पॅनवाल्या मातींना त्या गटात ठेवलं नाही, त्यांना प्लॅनोसॉल म्हणून बाजूला काढलं. म्हणजे गवत एकच असलं तरी पॅनवाली वेगळी, हे लोकांना तेव्हाच जाणवलं होतं. पुढे 1946 मध्ये गाय स्मिथ यांनी फ्राजिपॅन हा शब्द आणला आणि 1975 ची सॉइल टॅक्सॉनॉमी त्यांच्याच पुढाकाराने झाली. बरं हा माणूस इलिनॉयच्या लोएसवर, म्हणजे वाऱ्याने आणलेल्या पोयट्यावर, काम करून आलेला. त्यांना प्रेअरी कळत नव्हती असं म्हणणं जरा कै च्या कै होईल.

अवांतर: पॅन कसा झाला ह्यावर अजून एकमत नाही. कुणी म्हणतं सिलिकाने कण चिकटले, कुणी म्हणतं हिमयुगातल्या गोठलेल्या जमिनीने दाबलं, कुणी म्हणतं सैल लोएस पाण्याने भिजून स्वतःच्या वजनाने खाली बसला. मला शेवटचं जास्त पटतं, त्या ग्लासातल्या ढेकळामुळेच.

माळकरी:
शेठ, इतिहासाबद्दल आभार, पण प्लॅनोसॉलने माझंच काम केलं. तिथे निदान पानगळीच्या जंगलाशी गाठ मारली नव्हती. आणि गवताचं म्हणाल तर पॅनमुळेच इथे झाडं आली नाहीत असंही मांडता येतं, वसंतात मुळं बुडतात, उन्हाळ्यात वाळतात, अशा जागी ओक कसा तगेल? गवत आणि पॅन वेगळे काढताच येत नाहीत.

चिकणमाती:
हे मात्र साफ चूक. झाडं आली नाहीत ती आगीमुळे. ओसेज लोक, इथले मूळ रहिवासी, नेमाने गवत पेटवायचे, शिकारीसाठी, कोवळ्या चाऱ्यासाठी. गोऱ्या वसाहतीनंतर आग बंद झाली आणि आज बघा, ज्या कुरणात कुणी कापत नाही, जाळत नाही तिथे लाल सीडर घुसतोय, दहा-पंधरा वर्षांत रान. पॅन तोच, पाणी तेच, झाडं मजेत. म्हणजे पॅनने झाडं अडवली नव्हती, काडीपेटीने अडवली होती. मग गवताला मातीच्या नावात कायमचं बसवणं म्हणजे ओसेजांची आग मातीच्या नावावर लिहिणं झालं.

अकोल्याची_पोर:
हे भारी होतं.

माळकरी:
सीडर कुठेही येतो हो, खडकाच्या फटीत येतो, त्यावरून ओक-हिकरीचं जंगल सिद्ध होत नाही. आणि आग कुणीही लावलेली असो, वरचा काळा थर तर गवतानेच केला ना? तो मोजता येतो. मी कुणाची कहाणी लिहायला सांगत नाहीये, समोर दिसणारा थर लिहा म्हणतोय.

नवा_मिसुरीकर:
मी बराच वेळ वाचतोय, अर्धं डोक्यावरून गेलं. आम्ही जॉप्लिनच्या बाहेर पाच एकर बघतोय, सपाट, सुंदर गवत, मालक म्हणतो पाण्याचा निचरा एकदम उत्तम. तिथे शहराचं ड्रेनेज नाही, सेप्टिक करावं लागेल. ह्या पॅनचा आम्हाला त्रास होईल का? आणि माती काळी असेल तर चांगलंच ना?

माळकरी:
ऑगस्टमध्ये बघितली असेल तर निचरा उत्तमच दिसणार. एप्रिलमध्ये, दोन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा आणि मालकाच्या परवानगीने तीन-चार फूट खड्डा घ्या. खड्ड्याच्या भिंतीतून दोन-अडीच फुटांवर पाणी पाझरत असेल आणि तळ कोरडा असेल तर पॅन आहे असं समजा. सेप्टिकच्या टाकीतून निघालेलं पाणी शोषपाइपांतून जमिनीत मुरायला हवं, ते पॅनवर अडलं की मार्चमध्ये अंगणात वर येतं. अशा जागी बरेचदा लगून करावं लागतं, म्हणजे उघडं तळं, चिकणमातीने तळ बांधलेलं. आधी काउंटीच्या आरोग्य खात्यात विचारा, मगच इसार द्या. काळी माती भाजीपाल्याला छान, सेप्टिकला तिचा काही उपयोग नाही.

वाफसा:
घ्या. गिऱ्हाईक आलं तर तुम्ही पण आधी पॅनच विचारलात, गवत नाही.

माळकरी:
त्यांना पाणी जिरवायचंय म्हणून. उद्या त्यांनी विचारलं की मोकळ्या चार एकरांत काय लावू, तर मी बिग ब्लूस्टेम गवत सांगेन, ओक सांगणार नाही, आणि ते तुमच्या त्या फ्राजियुडाल्फ नावातून मला कधीच कळलं नसतं.

नवा_मिसुरीकर:
धन्यवाद. लगूनला वास येतो का? बायको विचारतेय.

वाफसा:
नीट बांधलं, आणि कडेला झाडं वाढू दिली नाहीत, ऊन-वारा मोकळा ठेवला तर फारसा नाही. वसंतात पाणी तापायला लागलं की थोडे दिवस येतो. उन्हाळ्यात वारा जास्त दक्षिणेकडून असतो तेव्हा घराच्या उत्तरेला ठेवा.